कोआलाला मिठी मारू नका, शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन बघा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ऑस्ट्रेलियाला मुलाबाळांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी जो लेख आलाय ना, काय बघावं, काय न्यावं, तो आमच्या ग्रुपवर चार जणांनी चार वेळा फॉरवर्ड केला म्हणून मीही चष्मा लावून नीट वाचला. लेख चांगलाय. इन्शुरन्स काढून जा, लोणचं-मसाले नेत असाल तर विमानतळावरच्या फॉर्मवर लिहून दाखवा, सगळं बरोबर आहे. पण शेवटी शेवटी "कोआलाला मिठी मारून फोटो काढायला विसरू नका" असं लिहिलंय तिथे मी थांबलो. कारण ती मिठी मी मारून आलोय.

मी रिटायर्ड कृषी सहायक, राहणार फलटण तालुका. मुलगी आणि जावई मेलबर्नजवळ जिलाँगला असतात. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जून-जुलैमध्ये आम्ही दोघं तिकडे दोन महिने होतो. इकडे पाऊस, तिकडे थंडी. जावयांनी हौसेने आधी क्वीन्सलँडची चार दिवसांची ट्रिप काढली आणि तिथे एका प्राणी-पार्कात नेलं (नाव लिहीत नाही, उगाच कशाला). रांगेत पाऊण तास. हातात टोकन. मग एक मुलगी येते, हात कसे ठेवायचे ते दाखवते, तळव्यावर तळवा, पोटाजवळ, झाडाच्या फांदीसारखं उभं राहायचं आणि हलायचं नाही, आणि मग तो गोळा ती तुमच्या हातात ठेवते. वाटतो तसा मऊ नसतो हो तो, मेंढीच्या लोकरीसारखे राठ केस आणि नखं शर्टातून आत टोचतात. मी कॅमेऱ्याकडे बघून हसलो. कोआला कॅमेऱ्याकडे बघत नव्हता आणि माझ्याकडेही नाही, त्याचं सगळं लक्ष त्या मुलीच्या खांद्याकडे, कधी एकदा परत जातोय. क्लिक क्लिक, झालं, पुढचा नंबर. बाहेर काउंटरवर फ्रेम, किचेन, मॅग्नेट. हिने मॅग्नेट घेतला, तो आजही आमच्या फ्रिजवर आहे, खोटं कशाला बोलू.

नोकरीतली सवय काही जात नाही, परत येताना गाडीत मी रांगेतली डोकी अंदाजाने मोजली, तिकिटाने गुणलं, आणि जावईबापूंना विचारलं की एवढ्या पैशातलं जंगलातल्या कोआलाकडे किती जातं? ते म्हणाले बाबा, माहीत नाही. मला वाटतं रांगेतल्या कुणालाच माहीत नसावं.

मिठीचं म्हणाल तर ती सगळीकडे चालतही नाही. न्यू साउथ वेल्समध्ये १९९७ पासून पर्यटकांच्या हातात कोआला द्यायला बंदी आहे, मुलगी राहते त्या व्हिक्टोरिया राज्यातही देत नाहीत. क्वीन्सलँडमध्ये चालतं, पण तिथलं सगळ्यात जुनं कोआलांचं आश्रयस्थान, ब्रिस्बेनचं लोन पाइन, १९२७ साली सुरू झालेलं, त्यांनीही २०२४ मध्ये हे हातात देणं बंद केलं. आणि १९२७ म्हटल्यावर एक सांगतो, त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात क्वीन्सलँड सरकारने कोआलाची शिकार खुली केली होती, कातड्यासाठी. एका महिन्यात सहा लाखांच्या आसपास कोआला मारले. इंग्लंड-अमेरिकेत त्यांच्या कातड्याचे कोट-टोप्या व्हायच्या. म्हणजे एकाच राज्यात एकाच वर्षी एकीकडे आसरा आणि दुसरीकडे बंदूक. तेव्हा कातड्याचे पैसे मिळायचे आणि आता फोटोचे मिळतात, हा माझा शेरा, तिखट वाटला तर कापा.

असो. मूळ मुद्दा वेगळाच आहे आणि तो मला जिलाँगला परत आल्यावर कळला.

मुलीच्या घरापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर यू यांग्ज म्हणून डोंगर आहेत. डोंगर म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढे टेकाडच, पण सगळा भाग टेबलासारखा सपाट आणि मधेच ही ग्रॅनाइटची रांग वर आलेली, म्हणून नजरेत भरते. भोवतीचं पठार ज्वालामुखीचं, बेसॉल्टचं, म्हणजे आपल्या दख्खनसारखंच. पहिल्या दिवशी पाय ठेवला आणि बुटाला दोन किलो काळी चिकण माती चिकटली तेव्हा ही म्हणाली, अहो ही तर आपल्या शेतातलीच. वास मात्र दुसरा. सर्दी झाली की आई रुमालावर निलगिरीचं तेल टाकून द्यायची तो वास, सगळ्या हवेत, फुकट.

तिथे पैसे भरून आम्ही एका गाईडबरोबर कोआला बघायला गेलो. पिंजरा नाही, तिकीट खिडकी नाही, हात लावायचा प्रश्नच नाही. आणि पहिला तासभर आम्ही काय केलं असेल? लेंड्या शोधल्या. खरं सांगतोय. झाडाच्या बुंध्यापाशी वाकून पाचोळा बाजूला करायचा. खारकेच्या बीएवढी लेंडी, तपकिरी-हिरवट, कडक, तोडली तर आत अगदी बारीक भुसा, आणि नाकाशी नेली तर घाण नाहीच, तेच निलगिरीचं तेल. आमची आठ वर्षांची नात हातात घेऊन फिरत होती आणि तिची आजी "टाक ते, टाक" करत मागे. गाईड म्हणाली असू दे, हेच तर काम आहे. कोआला दिवसाचे अठरा-वीस तास झोपतो, पानांच्या झुबक्यात गोळा होऊन बसला तर खालून दिसत नाही, पण लेंडी खोटं बोलत नाही. तिकडचे संशोधक पाहणी करताना असंच करतात, मधलं एक झाड धरून तीस झाडं निवडायची, प्रत्येकाच्या बुंध्याभोवती एक मीटरमध्ये लेंड्या आहेत का बघायचं, आणि तीसपैकी किती झाडांखाली सापडल्या यावरून त्या जागेचा वापर किती आहे ते ठरवायचं. आता उष्णता दिसणारे कॅमेरे लावलेले ड्रोन आलेत, वासाने लेंडी शोधणारी कुत्री आहेत, पण तीस झाडांचं काम मला जास्त आवडलं, पीक पाहणीसारखं आहे, आम्ही आयुष्यभर तेच केलं.

मग एक सापडला. वर, बराच वर, फांदीच्या बेचक्यात. गाईडने मोठी दुर्बीण लावली आणि नातीच्या हातात कागद-पेन्सिल देऊन म्हणाली, नाक काढ. कोआलाच्या काळ्या नाकात, नाकपुड्यांशी, पांढरट-गुलाबी डाग असतात आणि प्रत्येकाचे वेगळे, आपल्या अंगठ्यासारखे. या भागात टूर काढणारी एकिडना वॉकअबाउट म्हणून कंपनी आहे, तिच्या लोकांच्या १९९८ मध्ये हे लक्षात आलं आणि तेव्हापासून ते नाकावरून एकेका कोआलाची नोंद ठेवतात. पकडायचं नाही, कानात बिल्ला ठोकायचा नाही, गळ्यात पट्टा नाही. कोण कुठल्या झाडावर, पिल्लू आहे का, गेल्या वर्षीचा यंदा दिसला का, सगळं वहीत. वर्षानुवर्षं. आणि हे सगळं कशाच्या जोरावर, तर रोज पर्यटक येतात म्हणून गाईडला रोज जंगलात जावंच लागतं. ऊन असो, पाऊस असो, बुकिंग आहे म्हणजे जायचं.

हे "पाऊस असो" महत्त्वाचं आहे. कोआला या शब्दाचा अर्थ तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत "पाणी न पिणारा" असा सांगतात आणि लोकांचीही तीच समजूत, की त्याला पानातूनच पाणी मिळतं. आता २०२० मध्ये सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी एक पेपर काढला, त्यात दाखवलं की कोआला पाऊस पडत असताना झाडाच्या गुळगुळीत खोडावरून ओघळणारं पाणी चाटून पितात. एक नर तर चौतीस मिनिटं सलग चाटत होता. या पेपरमध्ये एकूण ४६ नोंदी आहेत आणि त्यातल्या ४४ यू यांग्जमधल्या, २००६ ते २०१९ या काळातल्या, रोज जंगलात जाणाऱ्या सामान्य लोकांनी आणि तिथल्या अभ्यासकांनी केलेल्या. डिग्रीवाल्यांना कमी लेखत नाही हं मी, पेपर त्यांनीच लिहिला, त्यांच्याशिवाय त्या नोंदी वहीतच राहिल्या असत्या. पण धो धो पावसात झाडाखाली मान वर करून उभं राहायला कुणीतरी लागतं ना, आणि तेही तेरा वर्षं. एवढी लांबलचक ग्रँट कोण देतो? तिकीट काढलेल्या पर्यटकांनी ती दिली, त्यांना न कळता.

याच्या उलट दिशेनेही गंमत झालीय. न्यू साउथ वेल्समध्ये गनेडा म्हणून गाव आहे, शेतीचा मुलूख, स्वतःला कोआलाची राजधानी म्हणवून घेतात. तिथे नव्वदच्या दशकात शेतकऱ्यांनी जमिनीत क्षार वर येतात म्हणून झाडं लावली (आपल्याकडे नीरा कालव्याच्या पट्ट्यात क्षारपड जमिनीने किती जणांना रडवलंय ते वाचकांना सांगायला नको). झाडं लावली क्षारासाठी आणि राहायला आले कोआला. मग २००९ ला भयंकर उष्णतेची लाट आली, त्यात तिथले साधारण एक चतुर्थांश कोआला मेले. पुढे तिथल्याच एका शेतकऱ्याने झाडावर बसवायचं पाणी प्यायचं भांडं तयार केलं आणि विद्यापीठाच्या लोकांनी त्याच्यासमोर कॅमेरे लावले. दहा ठिकाणी प्रत्येकी दोन भांडी, एक झाडावर, एक जमिनीवर. वर्षभरात कोआला ६०५ वेळा आले आणि ४०१ वेळा पाणी पिऊन गेले. पाणी न पिणारा म्हणे! भांडं शेतकऱ्याचं, जमीन शेतकऱ्याची, कॅमेरा विद्यापीठाचा.

आता मला जे बोलायचंय ते. लोकांना वाटतं प्राणी म्हणजे राष्ट्रीय उद्यान, कुंपण घातलं, बोर्ड लावला, झालं. पण निलगिरीच्या, म्हणजे तिकडे गम ट्री म्हणतात त्याच्या, शेकडो जाती आहेत आणि कोआला त्यातल्या थोड्याच जातींची पानं खातो, आणि तीसुद्धा चांगल्या मातीतल्या झाडांची, ज्यात जरा सत्त्व असतं. नदीकाठची, ओढ्याकाठची, खोल मातीची. आणि खोल माती कुणाकडे असते? शेतकऱ्याकडे. दीडदोनशे वर्षांपूर्वी वसाहतवाल्यांनी पहिल्यांदा तोडलं ते तेच जंगल, कारण मेंढ्यांना आणि गव्हाला तीच जमीन हवी. सरकारच्या वाट्याला राहिला खडकाळ डोंगर, तिथे उद्यानं झाली. म्हणजे प्राण्याचं ताट एकाच्या रानात आणि त्याच्या नावाची पाटी दुसऱ्याच डोंगरावर. हे समजायला मला कुठल्या रिपोर्टची गरज पडली नाही, आपल्याकडेही वनखात्याची जमीन आणि शेतकऱ्याची जमीन शेजारी ठेवली की मातीचा रंग बघूनच कळतं कोणाची कुठली.

म्हणून कोआलाचं पर्यटन शेतकऱ्याच्या जमिनीशी जोडलं नाही तर ते नुसतं मॅग्नेट विकणं आहे. १९९७ मध्ये तिकडच्या दोन अर्थतज्ज्ञांनी हिशोब मांडला होता की कोआलामुळे देशाला पर्यटनातून वर्षाला एक अब्ज डॉलरच्या वर मिळतात आणि ९,००० माणसांना काम. आकडा जुना आहे पण एवढा मोठा आहे की आज थोडा इकडे तिकडे झाला तरी मुद्दा तोच. ते पैसे विमान, हॉटेल, प्राणीसंग्रहालय, बाहुल्या यांच्यात फिरतात. ज्याच्या बांधावरच्या झाडावर जनावर झोपलंय त्याला काय? त्याला एकच गोष्ट मिळू शकते, ती म्हणजे भीती. २०२० चा सप्टेंबर आठवा, न्यू साउथ वेल्सचं सरकार कोआलावरून पडायची वेळ आली होती, हसू नका, खरंच. कोआलाच्या झाडांच्या यादीत भर घालून खासगी जमिनीवरचे नियम कडक केले, तर ग्रामीण भागातल्या नॅशनल्स पक्षाचे नेते, जे उपमुख्यमंत्रीच होते, जॉन बॅरिलारो, ते म्हणाले आम्ही सरकारचा पाठिंबा काढू. पेपरवाल्यांनी त्याला "कोआला वॉर" नाव दिलं. शेतकऱ्यांचं म्हणणं काय, तर उद्या कुंपणाच्या खांबासाठी एक झाड पाडायचं तरी परवानगी काढायची का? आपल्याकडे कोकणात सातबाऱ्यावर "खासगी वन" असा शेरा आला की माणसाची झोप उडते ना, अगदी तेच. असा शेरा येणार म्हटल्यावर शेतकरी काय करतो ते मला माहिती आहे, शेरा यायच्या आधी झाड जातं.

मग दुसरा रस्ता मी जुलैच्या एका रविवारी बघितला. यू यांग्जच्या भोवतीच्या शेतांमध्ये कोआला क्लॅन्सी फाउंडेशन म्हणून संस्था झाडं लावते, त्याच टूरवाल्या लोकांनी काढलेली, आणि क्लॅन्सी हे त्यांच्या वहीतल्याच एका कोआलाचं नाव. लिटल रिव्हर, मूराबूल, बारवॉन या नद्यांच्या काठी, खासगी शेतात, मालकाच्या मर्जीने. स्वयंसेवक येतात, त्यात पर्यटकही असतात, मुलीने आमची दोघांची नावं देऊन टाकली होती, विचारलंही नाही. सकाळी थंडी अशी की कानटोपी काढवेना. शेतकरी स्वतः हजर, साठीचा गडी, मेंढ्यांवाला, हात खिशात घालून बघत होता कोण कसं खणतंय. मी टिकाव हातात घेतला आणि पहिला खड्डा काढला तेव्हा तो जवळ येऊन बघायला लागला, कारण बाकीचे ऑफिसवाले वरवर खरवडत होते हो. रोप ठेवलं, माती पायाने दाबली, तीन काठ्या ठोकल्या आणि भोवती प्लास्टिकचं कव्हर, सशांनी आणि कांगारूंनी खाऊ नये म्हणून. रिव्हर रेड गम आणि मॅना गम, कोआलाच्या ताटातली झाडं.

त्या शेतकऱ्याला मी मुलीला मधे घालून विचारलं, तुम्हाला यातून काय? मला वाटलं काहीतरी निसर्गप्रेमाचं बोलेल. तो म्हणाला, काठ ढासळत होता, दर पुरात कुंपण जायचं, आता एवढी पट्टी तारेने वेगळी केली, मेंढ्या पाण्यात उतरत नाहीत, वारा अडेल, कोकरांना आडोसा होईल. आणि कोआला? खांदे उडवले आणि म्हणाला, आले तर येऊ देत. मला हे फार पटलं. कोआलावर प्रेम करा अशी त्याच्यावर सक्ती नाही, त्याच्या शेताचं भलं होतंय, खणायला माणसं फुकट येतात आणि ती माणसं येतात कोआलाच्या ओढीने. तीन वेगवेगळे स्वार्थ एका खड्ड्यात. न्यू साउथ वेल्समध्ये तर याहून पुढे, जैवविविधता जपण्यासाठी सरकारी ट्रस्ट आहे, तो जमीनमालकाशी करार करतो आणि काही करारांमध्ये जमीन सांभाळायचे दरवर्षी पैसे देतो. म्हणजे शेऱ्याऐवजी चेक. माझ्या अनुभवात चेकने जेवढं जंगल वाचतं तेवढं शेऱ्याने वाचत नाही, यावर कुणाला वाद घालायचा असेल तर जरूर पत्र लिहावं.

तणाचंही सांगायचं राहिलं. यू यांग्जमध्ये बोनसीड म्हणून दक्षिण आफ्रिकेतून आलेलं झुडूप माजलंय, आपल्या घाणेरीसारखं. कोआलाला एका झाडावरून दुसऱ्यावर जायला खाली उतरून चालावं लागतं आणि ही जाळी आडवी येते. तर टूरवर आलेल्या माणसांना तेही उपटायला लावतात. पैसे भरून तण काढायचं! आमच्या शेतात मजूर मिळेना म्हणून मी इकडे बोंबलतोय आणि तिकडे गोरी माणसं तिकीट काढून निंदणी करतायत, हीला तर हसू आवरेना. पण करतात हो, आवडीने, आणि संध्याकाळी आपण किती झुडपं काढली ते सांगत सुटतात.

आता एवढं कौतुक केलं म्हणून लगेच असं समजू नका की सहली काढल्या की कोआला वाचला. फेब्रुवारी २०२२ मध्ये क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि कॅनबेराच्या भागात कोआलाला धोक्यातला प्राणी म्हणून जाहीर करावं लागलं, त्याच्या आधी २०१९-२० चे वणवे झाले होते, रस्ते होतायत, घरं होतायत, कुत्री आहेत, आणि क्लॅमिडिया नावाचा रोग आहे ज्याने ते आंधळे होतात आणि माद्यांना पिल्लं होत नाहीत. या रोगावर सनशाइन कोस्ट विद्यापीठाने लस काढली, तिला सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, एकच डोस. हे काम गाईडच्या वहीने होणारं नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. आणि व्हिक्टोरियात तर उलटंच दुखणं, काही ठिकाणी कोआला इतके वाढतात की झाडं ओरबाडून संपतात आणि मग उपासमार. आम्ही जायच्या थोडं आधी बज बिम नावाच्या उद्यानात वणवा लागला आणि भाजलेले, उपाशी शेकडो कोआला सरकारने हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून मारले. मुलीच्या शेजारणीला त्याबद्दल बोलताना रडू आलं. जावईबापू म्हणाले दुसरा उपाय काय होता. त्या दिवशी जेवणं शांततेत झाली.

आणि पर्यटनाचाही रोग असतोच. ग्रेट ओशन रोडवर केनेट रिव्हर म्हणून एक गाव आहे, सगळ्या बसेस तिथे कोआलासाठी थांबतात, लोक भर रस्त्यात गाड्या उभ्या करून वर बघतात, झाड हलवणारेही बघितले मी. आरडाओरडा आणि जवळ जाणं याने कोआला झोपायचा सोडून टक लावून बघत बसतो हे फिलिप आयलंडवर अभ्यास करून दाखवलेलं आहे, आणि ज्याला पानांतून जेमतेम ताकद मिळते त्याला जागं राहणं परवडत नाही. जाता जाता, तुमच्या लेखात "निलगिरीच्या पानांची नशा चढून तो झोपतो" असं छापलंय तेही चुकीचं आहे. नशा वगैरे काही नाही, पानात सत्त्व कमी, पचायला जड, म्हणून ताकद वाचवायला झोपतो. उगाच बिचाऱ्याला बेवडा करू नका.

सरकारी पातळीवर पण आता मोठं चाललंय. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यू साउथ वेल्स सरकारने ग्रेट कोआला नॅशनल पार्क जाहीर केलं, १,७६,००० हेक्टर सरकारी जंगल आधीच्या उद्यानांना जोडून एकूण ४,७६,००० हेक्टर. तिथे लाकूडतोड थांबवली, सहा सॉ मिल आणि तीनशेच्या आसपास नोकऱ्यांचा प्रश्न आला, आणि सरकार म्हणतंय पर्यटनातून नवीन कामं निघतील. निघोत. मला शंका एवढीच की करवत चालवणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला उद्या दुर्बीण देऊन गाईड हो म्हटलं तर तो होईल का, आणि झाला तर त्याच्या वहीतल्या नोंदी विद्यापीठ घेईल का. यू यांग्जमध्ये हे जमलं कारण तिथे हुकूम नव्हता, गाईडच संशोधक झाले आणि संशोधकांनी त्यांना मोजलं.

आपल्याकडची गोष्ट यात ओढणार नव्हतो पण ओढतोच थोडी. वेळासला कासवांसाठी लोक जातात, गावात घराघरात राहतात, जेवतात, हे सगळ्यांना माहिती आहे. आणि आमच्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात कडबनवाडी, शिर्सुफळच्या माळावर वनखात्याने गवताळ रानाची सफारी सुरू केलीय, लांडगा, तरस, चिंकारा बघायला. छान झालं. पण लांडगा काय सफारीच्या गेटच्या आत थोडाच राहतो, तो रात्री धनगराच्या वाड्याकडे येतो आणि कोकरू नेतो. मला त्या सफारीवाल्यांना एवढंच विचारायचंय की गाईड पोरांच्या हातात वही दिलीय का? कुठे दिसला, किती होते, पिल्लं होती का. रोज गाडी जातेच आहे माळावर. आणि ज्या धनगराचं कोकरू गेलं त्याच्या वाड्यावर पर्यटकाला चहाला नेता येईल का, पैसे देऊन.

तर संपादक साहेब, विनंती अशी. पुढच्या वेळी असा लेख आला तर मिठीची ओळ काढा आणि त्या जागी लिहा की विचारून जा, माझ्या तिकिटातून झाड लागतं का, नोंद होते का. मे ते ऑगस्ट तिकडे लागवडीचा हंगाम असतो, आपल्या लोकांच्या पावसाळी ट्रिपा त्याच वेळी पडतात, जाड मोजे आणि जुने बूट न्यावेत, जाताना बुटाची माती घासून काढावी नाहीतर विमानतळावर धरतात. आम्ही दोघांनी मिळून त्या दिवशी ३१ रोपं लावली, हिची चौदा आणि माझी सतरा, ती म्हणते तिची पंधरा. मुलगी परवा त्या रस्त्याने गेली होती, फोटो पाठवलाय, कव्हरच्या वर दोन बोटं पानं आलीत. तीन कव्हरं मात्र आडवी पडलेली दिसतात, ती माझी नसावीत.

आपला,
एक नियमित वाचक
फलटण तालुका, जि. सातारा

ता. क. : लेखाच्या मथळ्यात "कोआला अस्वल" असं छापलंय. तो अस्वल नाही, कांगारूसारखा पिशवीत पिल्लू वाढवणारा प्राणी आहे. ऑनलाइन आवृत्तीत तरी तेवढं अस्वल काढून टाका.